मेरिटचे पैसे नेमके कुठं असतात: अमेरिकेतलं इंजिनिअरिंग आणि घरचं बजेट

आमच्या पिढीच्या डोक्यात 'मेरिट' हा शब्द एका ठरावीक अर्थानं बसला आहे. बारावीचे मार्क, मेरिट लिस्ट, नोटीस बोर्डापुढची रेटारेटी. लिस्टमध्ये नाव जितकं वर, तितकं कॉलेज चांगलं, आणि चांगलं कॉलेज सरकारी असल्यामुळे फीसुद्धा तिथंच कमी. नाव आणि स्वस्ताई एकाच दारात मिळायची. तोच हिशोब मनात धरून आपण अमेरिकेत वाढलेल्या मुलांच्या इंजिनिअरिंगचा विचार करायला बसतो आणि पहिल्याच पायरीवर ठेच लागते. इथली सर्वांत नावाजलेली कॉलेजं निव्वळ हुशारीसाठी एक डॉलरही कमी करत नाहीत. एमआयटी, स्टॅनफर्ड आणि आठही आयव्ही लीग विद्यापीठांत अभ्यासातल्या गुणवत्तेवर स्कॉलरशिप मिळतच नाही. त्यांच्याकडे येणारा प्रत्येकच हुशार असतो, मग कुणाला वेगळं काढायचं? तिथली मदत ठरते ती घरचं उत्पन्न आणि मालमत्ता बघून.

ती मदत ज्यांना मिळते त्यांना भरभरून मिळते, हेही सांगितलं पाहिजे. एमआयटीनं २०२५-२६ पासून वर्षाला दोन लाख डॉलरच्या आत उत्पन्न आणि त्या मानानंच मालमत्ता असलेल्या घरांतल्या मुलांची ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, माफ केली आहे. एक लाखाच्या आतल्या घरांना तर राहण्या-जेवणासकट काही भरावं लागत नाही. तेव्हा आपलं उत्पन्न या पट्ट्यात बसत असेल, तर 'एवढं मोठं कॉलेज आपल्याला कुठलं परवडायला' असं म्हणून अर्जच न करणं ही घोडचूक ठरेल.

हा लेख मुख्यतः दुसऱ्या घरांसाठी आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, घराचा हप्ता चालू आहे, भारतात आई-वडिलांचं औषधपाणी बघायचं आहे, धाकटं मूल दोन वर्षांनी याच रांगेत येऊन उभं राहणार आहे. कागदावर उत्पन्न चांगलं दिसतं, त्यामुळे गरजेवर मिळणारी मदत शून्य. आणि मोठ्या खासगी कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या पुढं गेला आहे. चार वर्षांचे साडेतीन लाखांहून जास्त. एवढी रक्कम कर भरून उरलेल्या पगारातून उभी करायची तर म्हातारपणाच्या पुंजीला हात लागतो. अशा घरांना मेरिट स्कॉलरशिप हाच खरा आधार असतो, आणि ती शोधण्याची एक रीत आहे.

आधी आकडा, मग कॉलेज

कॉलेजांची यादी करायच्या आधी घरानं एक आकडा ठरवावा: वर्षाला जास्तीत जास्त किती. ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, जे साठलं असेल त्याचे चार भाग करा. पगारातून दरमहा ओढाताण न होता जेवढं बाजूला काढता येतं, त्याची बारा पट त्यात मिळवा. मूल घराबाहेर गेलं की किराणा, क्लास, गाडीचा विमा यातलं थोडं वाचतं, तेही धरा. याशिवाय मूल स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज घेऊ शकतं: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग ७,५०० आणि ७,५००. चार वर्षांत २७,००० डॉलर. पदवीधर इंजिनिअरला हे फेडणं जमतं. त्यापुढच्या कर्जाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. खासगी कर्जावर बहुतेक वेळा आई-बापांची सही लागते, आणि सही केली की कर्ज आपलंच. आई-बापांनी घ्यायच्या सरकारच्या पॅरेंट प्लस कर्जाला आधी कॉलेजच्या खर्चाइतकी मोकळीक होती. २०२५ साली झालेल्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० अशी मर्यादा घातली. ऋण काढून सण करू नये, एवढं आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या सांगितलं गेलंय ते उगाच नाही.

आकडा ठरला की तो मुलाला सांगा. अकरावीच्या वर्षातच, स्पष्ट शब्दांत. आम्ही मोठ्या मुलीच्या वेळी ही चूक केली. 'तू अभ्यासाकडे लक्ष दे, पैशाचं आम्ही बघतो' असं दोन वर्षं म्हणत राहिलो. मार्चच्या शेवटी तिच्या आवडत्या कॉलेजचा होकार आला, घरभर आनंद झाला, आणि तीन दिवसांनी खर्चाचं पत्र उघडून आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. ती काही बोलली नाही. पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, आणि म्हणाली, 'आई, हे आधी सांगितलं असतं तर मी वेगळीकडे अर्ज केले असते.' तिचं बरोबर होतं. ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं आम्ही. स्कॉलरशिप देणाऱ्या कॉलेजांच्या तारखा तोवर पाच महिन्यांपूर्वी उलटून गेल्या होत्या. धाकट्याच्या वेळी आकडा पहिल्या दिवशी सांगितला. त्याचा हिरमोड झाला, पण दोन दिवस टिकला. मग तो स्वतःच यादी करायला लागला.

कॉलेज पैसे का देतं

कॉलेजच्या संकेतस्थळावरची फी आणि लोक प्रत्यक्षात भरतात ती फी यात मोठं अंतर असतं. खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सूट सरासरीनं छापील ट्यूशनच्या निम्म्याहून अधिक असते. कॉलेजांच्या व्यवस्थापकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहणीत २०२३-२४ साली ती ५६ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे छापील आकडा पूर्ण भरणारी घरं फार थोडी.

ही सूट कॉलेज दानधर्म म्हणून देत नाही. वर्ग भरायचे असतात. सॅट, अ‍ॅक्ट या प्रवेशपरीक्षांच्या गुणांची सरासरी वर न्यायची असते. दूरच्या राज्यांतली मुलं आणायची असतात. ज्या मुलामुळे यातलं काही साधतं, त्याच्यासाठी कॉलेज पैसे मोकळे करतं. इथंच सगळी गोम आहे. मुलाला ते कॉलेज जितकं हवंय, त्यापेक्षा कॉलेजला ते मूल जास्त हवं असलं पाहिजे. व्यवहारात याचा अर्थ असा: ज्या कॉलेजात तुमच्या मुलाचा सॅट आणि जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) प्रवेश मिळालेल्यांच्या वरच्या पाव भागात बसतो, तिथं मेरिटची आशा धरा. जिथं तो जेमतेम आत शिरतोय, तिथं धरू नका.

हे पचवायला जड जातं, मला माहीत आहे. ज्या मुलाला देशातल्या पहिल्या दहांत जागा मिळू शकते, त्यानं मुद्दाम साठाव्या क्रमांकावर का जावं? पण इंजिनिअरिंग हे असं क्षेत्र आहे जिथं एक-दोन पायऱ्या खाली उतरण्याची किंमत सर्वांत कमी पडते. त्याचं कारण अ‍ॅबेट. १९३२ साली स्थापन झालेली ही संस्था इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांची तपासणी करते, आणि तिची मान्यता संपूर्ण कॉलेजला नसते, एकेका अभ्यासक्रमाला असते. मान्यता हवी तर गणित आणि मूलभूत विज्ञानाचे किमान ३० क्रेडिट, इंजिनिअरिंगच्या विषयांचे किमान ४५ आणि शेवटी एक मोठा डिझाइन प्रकल्प लागतोच. थर्मोडायनॅमिक्स अलाबामात शिका नाहीतर मिशिगनमध्ये, पाया तोच. सिव्हिल किंवा मेकॅनिकल करून पुढं पीई, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरचा, परवाना घ्यायचा असेल तर अ‍ॅबेटची मान्यता बघितल्याशिवाय अर्ज करू नका. कॉम्प्युटर सायन्सला तिचं तेवढं महत्त्व नाही.

सगळी कॉलेजं सारखीच असतात असं मी म्हणत नाही. कुठं कंपन्या मुलाखतींना येतात, पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत काम मिळतं का, वर्गात किती मुलं असतात, यात फरक पडतो. कॉलेज बघायला जाल तेव्हा करिअर फेअरला आलेल्या कंपन्यांची यादी मागा. क्रमवारीतल्या आकड्यापेक्षा ती यादी खूप काही सांगते.

एका तक्त्यात पाणी कुठं मुरतं ते दिसतं

प्रत्येक कॉलेज म्हणतं, 'आम्ही उदारपणे स्कॉलरशिप देतो.' खरं-खोटं करायला एक साधन आहे आणि ते फुकट आहे. बहुतेक कॉलेजं दर वर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचं कागदपत्र प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द गूगलवर टाका, पीडीएफ मिळेल. तीस-पस्तीस पानं बघून दचकू नका, आपल्याला दोनच जागा बघायच्या आहेत.

पहिली 'सी ९'. तिथं प्रवेश घेतलेल्यांचे सॅट आणि अ‍ॅक्टचे २५वा आणि ७५वा पर्सेंटाइल असे आकडे असतात. तुमच्या मुलाचा स्कोअर ७५व्याच्या वर असेल तर पुढं वाचा.

दुसरी 'एच २' आणि तिच्या लगेच खालची 'एच २ ए'. पहिला रकाना नव्यानं आलेल्या पूर्ण वेळ विद्यार्थ्यांचा असतो. एच २ मधली 'ए' ओळ म्हणजे असे एकूण किती, आणि 'सी' ओळ म्हणजे त्यातल्या किती जणांना आर्थिक गरज आहे असं ठरलं. 'ए'मधून 'सी' वजा केलं की गरज नसलेली, म्हणजे आपल्यासारख्या घरांतली मुलं उरतात. आता एच २ ए मधली 'एन' ओळ बघा: गरज नसतानाही कॉलेजनं स्वतःच्या पैशांतून ज्यांना स्कॉलरशिप दिली अशी मुलं किती. त्याखालच्या 'ओ' ओळीत सरासरी रक्कम.

एक कल्पित उदाहरण घेऊ. 'ए' १,८००, 'सी' ८००, म्हणजे गरज नसलेले १,०००. 'एन' ६५० आणि 'ओ' २४,०००. म्हणजे आपल्यासारख्या शंभर घरांतल्या पासष्टांना सरासरी चोवीस हजारांची सूट. या कॉलेजला अर्ज करावा. दुसऱ्या कॉलेजात 'एन' फक्त २० असेल, तर 'ओ' कितीही मोठा असू दे, ती दोन टक्के मुलांची लॉटरी आहे. आयव्ही लीगमधल्या एखाद्या विद्यापीठाचा कागद उघडलात तर 'एन'समोर शून्य तरी असेल नाहीतर जागा कोरी. मला स्वतःला हा तक्ता सापडला तेव्हा दोन वर्षांचा गोंधळ एका संध्याकाळी संपला. यादीतली निम्मी नावं त्याच दिवशी खोडली.

याच्या जोडीला प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतो. २०११ पासून, सरकारी मदत घेणाऱ्या सर्व कॉलेजांना तो ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. तो जीपीए आणि सॅट विचारत असेल तर मेरिटचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. उत्पन्नच विचारत असेल, तर मेरिटच्या दृष्टीनं त्याचा उपयोग नाही.

कुठं शोधायचं

काही सरकारी विद्यापीठांत स्कॉलरशिप आपोआप मिळते. जीपीए आणि सॅट किंवा अ‍ॅक्टचा तक्ता संकेतस्थळावर लावलेला असतो. आपली ओळ शोधली की रक्कम समोर. अलाबामा विद्यापीठ यासाठी प्रसिद्ध आहे, आणि परराज्यातल्या मुलांनाही ती मिळते. हंट्सव्हिलचं अलाबामा विद्यापीठही तसंच, आणि तिथं नासाचं मार्शल अंतराळ केंद्र शेजारी असल्यामुळे एअरोस्पेसच्या मुलांनी ते नक्की बघावं. मिसिसिपी स्टेट आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठ याच जातीतले. अशी एक-दोन कॉलेजं यादीत असली की घराला शांत झोप लागते, कारण तिथला खर्च सप्टेंबरमध्येच कळलेला असतो.

स्पर्धेतून मिळणाऱ्या स्कॉलरशिप वेगळ्या. नॉर्थ कॅरोलायना स्टेटची पार्क, जॉर्जिया टेकची स्टॅम्प्स, मेरीलंडची बॅनेकर-की, यूएससीची (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची) ट्रस्टी. या पूर्ण खर्च किंवा निदान पूर्ण ट्यूशन उचलतात, पण हजारो अर्जांतून मोजकी मुलं निवडतात. अर्ज जरूर करा, बजेट मात्र त्यावर उभं करू नका. आणि तारीख बघा: मेरीलंड आणि यूएससीसारख्या ठिकाणी मेरिटसाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच अर्ज करावा लागतो. प्रवेशाची शेवटची तारीख जानेवारीत असली तरी पैशांची तारीख आधी उलटून गेलेली असते. आमचं घोडं इथंच अडलं होतं.

आपल्याच राज्याचं विद्यापीठ लोक सर्वांत शेवटी बघतात, याचं मला वाईट वाटतं. पर्ड्यूनं २०१२-१३ पासून ट्यूशन वाढवलेली नाही: इंडियानातल्या मुलांना ट्यूशन आणि फी मिळून वर्षाला ९,९९२ डॉलर, परराज्यातल्यांना २८,७९४. इंजिनिअरिंगची जादा फी वेगळी. जॉर्जियात लॉटरीच्या उत्पन्नातून १९९३ पासून होप स्कॉलरशिप चालते, आणि त्यातली वरच्या दर्जाची झेल मिलर स्कॉलरशिप मिळाली तर जॉर्जिया टेकसारख्या कॉलेजची मूळ ट्यूशन पूर्ण भरली जाते. फ्लोरिडात ब्राइट फ्यूचर्स आहे. न्यू जर्सीत वर्गातल्या वरच्या पंधरा टक्क्यांना एनजे स्टार्समधून कम्युनिटी कॉलेजची ट्यूशन माफ होते. न्यू यॉर्कमध्ये वरच्या दहा टक्क्यांतल्या मुलांना स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान) इन्सेंटिव्ह योजनेतून सुनी किंवा क्युनी या सरकारी विद्यापीठांची ट्यूशन मिळते, पण मेख अशी की पदवीनंतर पाच वर्षं न्यू यॉर्कमध्येच राहून त्या क्षेत्रात नोकरी करावी लागते, नाहीतर त्या पैशांचं कर्ज होतं. सही करण्याआधी मुलाला हे समजावून सांगा.

पश्चिमेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांसाठी 'वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्सचेंज' आहे. त्यात पश्चिमेकडच्याच दुसऱ्या राज्यातल्या, योजनेत असलेल्या विद्यापीठाची फी तिथल्या स्थानिक फीच्या दीडपटीच्या वर जात नाही. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसपैकी फक्त मर्सेड त्यात आहे, आणि काही विद्यापीठं इंजिनिअरिंगच्या शाखा त्यातून वगळतात, तेव्हा शाखेचं नाव घेऊन विचारा. टेक्सासचा नियम तर फारच थोड्यांना माहीत असतो. तिथल्या सरकारी विद्यापीठानं परराज्यातल्या मुलाला स्पर्धेतून किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप दिली, तर राज्याचा कायदा त्याला स्थानिक फी लावायची मुभा देतो. स्कॉलरशिप हजाराची, पण फीतली बचत त्याच्या कित्येक पट. सगळी विद्यापीठं ही मुभा वापरत नाहीत किंवा हजारावरच देतात असं नाही, म्हणून ज्याचा अर्ज भरताय त्यालाच विचारा.

नॅशनल मेरिटबद्दल आपल्या लोकांत फार बोललं जातं. अकरावीच्या ऑक्टोबरमधली पीएसएटी ही सॅटआधीची परीक्षा, राज्यागणिक वेगळा कटऑफ, देशभरात साधारण १६,००० सेमीफायनलिस्ट. मूळ संस्था देते ती रक्कम एकदाच मिळणारी २,५०० डॉलरची. खरं मोल वेगळीकडे आहे: डॅलसचं टेक्सास विद्यापीठ, अलाबामा यांच्यासारखी काही विद्यापीठं फायनलिस्ट मुलांना ट्यूशन आणि त्याहूनही बरंच काही देतात. पण फायनलिस्टनं पोर्टलवर पहिली पसंती म्हणून त्या कॉलेजचं नाव वेळेत टाकावं लागतं.

एका छोट्या कॉलेजचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. न्यू यॉर्क राज्यातल्या ग्लेन कोव्हमधली वेब इन्स्टिट्यूट. १८८९ची संस्था, जहाजांचं इंजिनिअरिंग ही एकच शाखा, आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या प्रत्येक मुलाची ट्यूशन माफ. जहाजांचं वेड असलेलं मूल घरात असेल तर त्याला हे सांगाच.

इंजिनिअरिंगच्याच खास अडचणी

स्कॉलरशिप मिळवण्याइतकंच ती चार वर्षं टिकवणं महत्त्वाचं आहे. बहुतेक ठिकाणी जीपीए ३.० ठेवण्याची अट असते, काही ठिकाणी ३.३ किंवा ३.५. इंग्रजी साहित्य शिकणाऱ्याला आणि पहिल्या सत्रात कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री आणि प्रोग्रॅमिंग एकदम घेणाऱ्याला हीच अट लागू. आमच्या ओळखीतला एक गुणी मुलगा पहिल्या वर्षाअखेर २.९४ वर थांबला आणि वर्षाची १८,००० डॉलरची स्कॉलरशिप गेली. सहा शतांशांसाठी. तेव्हा विचारून घ्या: जीपीए सत्राला बघतात की वर्षाअखेर? घसरला तर सावरायला एक सत्र मिळतं का? एकदा गेलेली स्कॉलरशिप परत मिळू शकते का? दोन कॉलेजांची रक्कम जवळपास सारखी असेल, तर सौम्य अटीचं कॉलेज मी निवडेन.

दुसरी अडचण शाखेची. काही विद्यापीठं थेट मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटरमध्ये प्रवेश देतात. पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम यांच्यासारखी काही आधी सामान्य इंजिनिअरिंगमध्ये घेतात आणि वर्षभरानंतर शाखा देतात. स्कॉलरशिपच्या ओढीनं गेलेलं मूल हव्या त्या शाखेत पोचलंच नाही तर त्या पैशांचं काय करायचं?

मग मुदत. स्कॉलरशिप बहुधा आठ सत्रांची असते, आणि इंजिनिअरिंगची बरीच मुलं को-ऑप घेतात, म्हणजे एखादं सत्र कंपनीत पगारी काम. ही पद्धत १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात सुरू झाली. को-ऑपमुळे पदवीला पाच वर्षं लागली तरी त्या सत्राची स्कॉलरशिप पुढं राखून ठेवतात का, हे विचारा. पगार चांगला असतो, त्यातून एका सत्राचा राहण्याचा खर्च निघतो.

एच-४ वर असलेल्या मुलांचं काय

एच-४ म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायको-मुलांचा व्हिसा, आणि हे दुखणं आपल्या अनेक घरांत आहे. ग्रीन कार्डची रांग संपत नाही आणि मूल बारावीला येतं. एच-४ वरच्या मुलाला फाफ्सा या अर्जातून मिळणारी सरकारी मदत आणि सरकारी कर्ज मिळत नाही, त्यामुळे वर सांगितलेले २७,००० त्यांच्या आकड्यातून काढून टाका. नॅशनल मेरिटसाठी पूर्वी ग्रीन कार्ड किंवा त्यासाठी दाखल केलेला अर्ज लागायचा; अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकणाऱ्यांना आता ती अट नाही. आणि कॉलेजच्या स्वतःच्या मेरिट स्कॉलरशिपपैकी अनेक व्हिसा न बघता दिल्या जातात. स्कॉलरशिपच्या ऑफिसला 'एच-४' असा स्पष्ट उल्लेख करून ईमेल करा. अर्जात 'आंतरराष्ट्रीय' म्हणून गणलं गेल्यामुळे मुलं भलत्याच रांगेत जातात, असं होतं. बऱ्याच राज्यांत एच-४ वर स्थानिक फी लागू होते, पण २१व्या वर्षी एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, घ्यावा लागला की काही ठिकाणी तो दर्जा जाऊ शकतो, म्हणजे नेमकं शेवटच्या वर्षात खर्च वाढतो. आणि एच-४ वर पगारी काम चालत नाही, म्हणून को-ऑपचा पगार हिशोबात धरू नका.

एप्रिलमधलं पत्र

होकारामागून मदतीचं पत्र येतं. त्यावर मोठ्या अक्षरात एकूण रक्कम असते आणि तिच्याकडे बघून जीव सुखावतो. पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचा. 'ग्रँट' आणि 'स्कॉलरशिप' एवढंच आपलं. 'लोन' म्हणजे कर्ज. ते मदतीच्या यादीत बसवलेलं असलं तरी फेडायचं आपल्यालाच आहे. 'वर्क-स्टडी' म्हणजे मूल काम करेल तेव्हा मिळणारा पगार. तो ऑगस्टच्या बिलातून वजा होत नाही. सरकारच्या लेखापाल कार्यालयानं २०२२ साली ही पत्रं तपासली तेव्हा ९१ टक्के कॉलेजं निव्वळ खर्च एकतर सांगत नाहीत किंवा कमी करून सांगतात, असं आढळलं होतं. त्यामुळे बेरीज-वजाबाकी स्वतः करायची. ट्यूशन, फी, इंजिनिअरिंगची जादा फी, राहणं, जेवण, आरोग्यविमा, घरी येण्या-जाण्याची तिकिटं, आणि त्यातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा.

ही वजाबाकी चारही वर्षांची करा. समजा पहिल्या वर्षाचा एकूण खर्च ६०,००० आणि स्कॉलरशिप २५,०००. आपण मनात ३५ गुणिले चार म्हणजे १,४०,००० धरतो. पण खर्च दर वर्षी चार टक्क्यांनी वाढला आणि स्कॉलरशिप तेवढीच राहिली, तर पुढच्या वर्षांत ३७,४००, ३९,८९६ आणि ४२,४९२ भरावे लागतात. एकूण १,५४,७८८. म्हणजे जवळपास पंधरा हजार जास्त, आणि ते नेमके धाकटं मूल कॉलेजात जातं त्या सुमाराला. २०२४-२५ पासून सरकारी सूत्रातून दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असल्याची सवलतही गेली आहे.

थोडं कराचंही. ट्यूशन, फी आणि पुस्तकांसाठी वापरलेली स्कॉलरशिप करमुक्त, पण राहण्या-जेवणासाठी वापरलेला भाग मुलाचं उत्पन्न धरला जातो. मेरिट मिळाल्यामुळे ५२९ मध्ये पैसे उरले तर तेवढ्या रकमेपर्यंत दंड न भरता काढता येतात. वाढीवरचा कर मात्र द्यावा लागतो.

आवडत्या कॉलेजची रक्कम थोडी कमी पडत असेल तर विचारायला लाजू नका. तोलामोलाच्या दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून, नम्रपणे, नेमका आकडा सांगून लिहा. खासगी कॉलेजं पुष्कळदा दोन-चार हजार वाढवतात, सरकारी क्वचित. अर्ली डिसिजनमध्ये, म्हणजे होकार आला तर तिथंच जायचं या अटीवरच्या अर्जात, बांधून घेतलेलं असेल तर ही संधी उरत नाही; म्हणून मेरिटवर अवलंबून असलेल्या घरानं त्या वाटेला जाऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

१ मेच्या आत डिपॉझिट भरायचं असतं. त्याआधी मदतीच्या ऑफिसला एक ईमेल पाठवा: किती सत्रं, किती जीपीए, शाखा बदलली तर स्कॉलरशिप राहते का, को-ऑपचं सत्र धरतात का, आणि मुलाला बाहेरच्या एखाद्या संस्थेची स्कॉलरशिप मिळाली तर तुम्ही तुमची कमी करता का. फोनवर विचारू नका, लेखी विचारा. उत्तर आलं की त्याची प्रत काढून फाइलला लावा. आमच्या धाकट्यानं तिसऱ्या वर्षी सहा महिन्यांचं को-ऑप घेतलं तेव्हा ऑफिसमधली माणसं बदलली होती आणि त्याची स्कॉलरशिप संपली असं कळवण्यात आलं. तो दोन वर्षांपूर्वीचा ईमेल पाठवला, आणि आठवड्याभरात ती पुन्हा खात्यात दिसायला लागली.